तळमजल्यावरच्या दादांचा फोन मी साफ केला

सकाळी उठल्यावर मी आधी फोनला काही अपडेट आलंय का ते बघते आणि मग चहाचं आधण ठेवते. नवऱ्याने यावर बोलणं कधीच सोडून दिलंय. कोणीतरी कुठेतरी बसून रातोरात माझ्या फोनमधलं काहीतरी बदलतं आणि ते फुकटात, घरपोच, बदलापूर पूर्वेला शिरगावात तिसऱ्या मजल्यावर माझ्यापर्यंत येऊन पोचतं, याचा मला अजूनही मनापासून आनंद होतो. काय बदललं याची टीप मी शब्दन् शब्द वाचते. गेली कित्येक वर्षं त्या टिपेत एकच वाक्य असतं: किरकोळ दोष दूर केले आणि कामगिरी सुधारली. कुठले दोष, ते काही सांगत नाहीत. आमच्या सासूबाई पाहुण्यांना स्वतःची तब्येत सांगतात तेव्हा एकही दोष वगळत नाहीत, त्यांना खरं तर तिथे नोकरी द्यायला हवी.

मी काही कॉम्प्युटरवाली नाही. अंबरनाथच्या एमआयडीसीत रंगाच्या एका कारखान्यात लॅबमध्ये आहे. डब्यातला रंग ठरलेल्या नमुन्याशी जुळतो का, ते दिवसभर डोळे ताणून बघायचं. बाकी हे सगळं वेड बिनपगारी आहे. सुट्टी मिळाली की मी उल्हासनगरला कॅम्प तीनच्या मोबाईलच्या गल्लीत जाते आणि काहीही न घेता दोन तास काढते. तिथे स्टुलावर बसणाऱ्या एका सिंधी दुकानदाराने पाण्याच्या पिंपात पडलेला माझा फोन गरम हवेच्या मशीनने वीस मिनिटांत जिवंत केला होता. वर मला म्हणाला, "दीदी, कंपनी के पास मत जाना, वो बोलेगा नया ले लो. मैं बोलता हूं पुराना ही चलाओ." अख्ख्या इंटरनेटवर मला इतका सरळ सल्ला आजवर कोणी दिलेला नाही.

वेबबद्दलची माझी मतं ठाम आहेत आणि ती मी न विचारता देते. कुकीजचंच घ्या. कुठलीही साईट उघडली की ती परवानगी मागते. 'सगळं मान्य' हे बटन हिरवंगार, ताटाएवढं. 'मान्य नाही' मात्र करड्या रंगात, बारीक अक्षरांत, दोन पानं आत. माणसाला नाही म्हणायचंय हे माहीत असल्याशिवाय कोणी नकार इतका लपवून ठेवत नाही! पासवर्डची तऱ्हा आणखी वेगळी. त्यात मोठं अक्षर हवं, आकडा हवा, चिन्ह हवं, आणि आधीच्या पाच पासवर्डांपैकी एकही नको. मला माझा आत्ताचा आठवत नाही, आणि यांना आधीचे पाच पाठ!

सगळ्यांत कळस म्हणजे ती 'मी यंत्रमानव नाही' वाली परीक्षा. नऊ चित्रांतून फायर हायड्रंट निवडा म्हणे. रस्त्याच्या कडेला एकटाच उभा असलेला तो लाल नळ बदलापुरात कोणी पाहिलाय? आमच्याकडे नळ दिसला की आम्ही बादली लावतो. पुढच्या चित्रांत ट्रॅफिक सिग्नल निवडायचे. त्यात खांब धरायचा की नाही, यावर आमच्या घरात एकदा खरोखरचं भांडण झालंय. नवरा म्हणत होता, खांबाशिवाय सिग्नल उभा राहील का? मी त्याचं ऐकलं आणि नापास झाले.

असं सगळं असल्यामुळे आमच्या सोसायटीत माझा एक दबदबा तयार झाला. रविवारी सकाळी पार्किंगमधल्या बाकावर मी बसते आणि लोक फोन दाखवायला येतात. नवरा त्याला ओपीडी म्हणतो. फोन हँग होतो, जागा संपली, नातवाने भाषा चिनी करून ठेवली, असल्या तक्रारी. माझी पद्धत ठरलेली. फोन हातात घ्यायचा. शुभ सकाळचे चारशे फोटो उडवायचे. सगळी ॲप अपडेट करायची. मग पडद्यावर विखुरलेली चित्रं गोळा करून नीट कप्प्यांत घालायची: बँका एकीकडे, खरेदी एकीकडे, देवाधर्माचं एकीकडे. विचारत वगैरे मी कोणाला नसे. त्यात विचारायचं काय? घर झाडायला आलेली बाई कचरा काढू का म्हणून विचारत नाही. फोन परत देताना तो चकचकीत दिसायचा आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर जो आनंद यायचा, त्यावर माझा अख्खा आठवडा निघायचा.

बिल्डिंगच्या तळमजल्यावर एक दादा राहतात. ते जन्मापासून आंधळे आहेत. हा शब्द त्यांचाच. मी ओळखीच्या सुरुवातीला एकदा 'दृष्टिबाधित' म्हणाले, तर म्हणाले, "ताई, एवढे लांब शब्द नका वापरू, ऐकून मी दमतो." आधी ते वांगणीला राहायचे, लग्नानंतर इकडे आले. वहिनींना एका डोळ्याने थोडं दिसतं, त्या अंबरनाथच्या एका शाळेत गाणं शिकवतात. दादा सोळा वर्षं एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होते. दोनशे एक्स्टेन्शन तोंडपाठ. समोरचा कसा श्वास घेतोय त्यावरून फोन साहेबांना जोडायचा की साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणायचं, ते ठरवायचे. मग कारखान्याने नवी यंत्रणा बसवली आणि त्यांच्या खुर्चीत एक रेकॉर्ड केलेली बाई आली. मराठीसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन. तशीच यंत्रणा आमच्याकडे आली तेव्हा मी हौसेने नऊच्या नऊ आकडे दाबून बघितले होते आणि जाम खूश झाले होते. त्या खुशीपायी कोणाची तरी खुर्ची जाते, हे तेव्हा डोक्यातही आलं नव्हतं.

नोकरी जाऊन पावणेदोन वर्षं झाली होती. दादांनी पंधरा-सोळा ठिकाणी अर्ज केले. फोनवरचा आवाज ऐकून लोक खूश व्हायचे, आणि "मला दिसत नाही" म्हटलं की "कळवतो" म्हणायचे. शेवटी बंगळुरूच्या एका कंपनीकडून बोलावणं आलं. घरी बसून फोनवर मराठी ग्राहकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि सोडवायच्या. दोन फेऱ्या पार पडल्या. तिसरी आणि शेवटची फेरी व्हिडिओ कॉलवर, शनिवारी संध्याकाळी साडेसहाला. अट एकच: कॉल स्वतः जोडायचा, स्वतः चालवायचा, मदतीला हात कोणाचा नको. त्यांना तेच तर बघायचं होतं. दादा दहा दिवस त्या कॉलच्या ॲपचा सराव करत होते. मला म्हणाले होते, "ही पण गेली ना, तर मी वांगणीला भावाच्या दुकानात जाऊन बसणार. नुसतं बसणार. तो म्हणतो, गल्ल्यावर बस, तुला काय काम नाय." त्या नुसतं बसण्याची त्यांना फार भीती वाटत होती.

त्या शनिवारी मला सुट्टी होती. दुपारी दोनच्या सुमाराला दादा जिना चढून वर आले आणि फोन माझ्या हातात देऊन म्हणाले, "ताई, मुलाखतीची लिंक बरोबर उघडते का तेवढं बघून ठेवा. मी दाढी करून येतो." आणि कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये गेले.

तेवढं बघून ठेवा. माझ्यासारखीला असं कोणी सांगू नये.

मी फोन उघडला आणि माझा जीव वर-खाली झाला. चार पानं भरून चित्रं, कशाचा कशाला मेळ नाही. गॅस बुकिंगच्या शेजारी भजनं, त्याच्या खाली बँक, बँकेला चिकटून क्रिकेट. एकतीस ॲपची अपडेट रखडलेली! त्यात फोन मोठ्याने बोलत होता. दादांचा फोन पडद्यावर काय आहे ते वाचून दाखवतो, स्क्रीन रीडर म्हणतात त्याला, हे मला माहीत होतं. पण तो आवाज इतका सुसाट होता की मला वाटलं बिघडलाय. बोट लावलं की नुसतं किर्रर्र. मी आधी तो बोलणारा बंद केला, कारण त्याच्यापायी बोटं नीट चालेनात. मग सेटिंगमध्ये जाऊन आवाजाचा वेग माणसासारखा केला. मग एकतीसच्या एकतीस अपडेट मारली. ती उतरेपर्यंत चारही पानं आवरली, सहा कप्पे केले, एका पानात सगळं बसवलं. मुलाखतीच्या दिवशी माणसाचा फोन कसा टापटीप हवा! लिंक उघडून बघितली, उघडत होती. मी स्वतःवर इतकी खूश होते की चहात साखर दोनदा घातली.

तीन वाजता दादा आले. गुळगुळीत दाढी, मानेला पावडर, चांगल्या अत्तराचा वास. मी फोन हातात ठेवला. त्यांनी अंगठा फिरवला. फोन गप्प. त्यांनी आवाजाची दोन्ही बटनं एकदम दाबून धरली, तसा तो बोलायला लागला, माझ्या नव्या वेगाने, शाळेतल्या बाईंनी शुद्धलेखन घालावं तसा.

"हिला काय झालं?" दादा म्हणाले. "आजारी आहे का?"

मग त्यांनी अंगठा खाली नेला, डावीकडे नेला, पान सरकवायला गेले तर सरकायला पानच नव्हतं. मी बघत होते. तो अंगठा आंधळ्याचा आहे असं मला तोपर्यंत कधी वाटलं नव्हतं, त्या क्षणी वाटलं.

"ताई," ते अगदी हळू म्हणाले, "हा माझा फोन नाहीये."

"तुमचाच आहे दादा! साफ करून दिला. सगळं अपडेट केलं."

"कोणी सांगितलं होतं?" आता आवाज चढला. "तुमच्या घरात मी येऊन सगळी कपाटं इकडची तिकडे केली, वरून दिवे घालवले, तर चालेल काय? दहा वर्षं त्या जागा माझ्या बोटात बसल्यात. काय लोचा करून ठेवलाय हा! आणि कॉलचं ॲप? ते पण अपडेट मारलंत?"

मारलं होतं. त्यांनी कसंबसं शोधून ते उघडलं. दहा दिवस सराव केलेली बटनं जागेवरून गायब होती. खालच्या ओळीवर बोट ठेवलं की फोन म्हणायचा: बटन, नाव नाही. पुढचं: बटन, नाव नाही. पुढचं: बटन, नाव नाही. नव्या रूपात त्यांनी माईक, कॅमेरा यांची सुंदर गोल चित्रं केली होती आणि त्या चित्रांना आतून नाव द्यायला विसरले होते. बघणाऱ्याला चित्र दिसतं, ऐकणाऱ्याला काहीच नाही. मी धावत लॅपटॉप आणला, जुनं व्हर्जन शोधलं, उतरवलं, घालायला गेले. फोन म्हणाला, घालता येणार नाही. पुन्हा केलं. नाही. साडेतीन वाजले होते आणि इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. या माणसाची नोकरी एका यंत्राने घेतली होती, दुसरी आता मी हौसेने घेत होते.

मी रडकुंडीला आले आणि तसं म्हणालेही. दादा खुर्चीत बसले, मानेवरची पावडर पुसली आणि म्हणाले, "रडायला टाईम नाय ताई. तीन तास आहेत. खाली चला, माझ्या घरी. मी सांगतो तसं लावा. आपलं डोकं लावू नका."

खाली त्यांच्या बाहेरच्या खोलीत आम्ही समोरासमोर बसलो आणि दादा सांगायला लागले. पान एक, वरून पहिली रांग, डावीकडून: घड्याळ, हवामान, कॅलेंडर, आवाज-रेकॉर्ड. दुसरी रांग: गॅस, भजनं, वहिनी; तिसरी: बँक, क्रिकेट. वहिनी म्हणजे बायकोला थेट फोन लागणारं चित्र, हे नाव माझ्या सोयीसाठी. चार पानं, चोवीस-चोवीस जागा, कुठे रिकामी सोडायची तेसुद्धा. एकदाही अडखळले नाहीत. मला माझ्या फोनवर पहिल्या रांगेत काय आहे ते विचारा, मी सांगू शकणार नाही. आणि त्या पसाऱ्यात काय व्यवस्था होती! रोजचं सगळं उजव्या अंगठ्याच्या टप्प्यात, पैशाचं सगळं टोकाला, म्हणजे चुकून बोट लागू नये. क्रिकेट बँकेला चिकटून का, तर बँकेचं ॲप उघडायला वेळ लावतं, तेवढ्यात स्कोअर ऐकून होतो. मी ज्याला गबाळ म्हटलं ते माझ्या सहा कप्प्यांपेक्षा दहापट हुशारीचं होतं. मला इतका आनंद झाला की मी ओरडलेच, "दादा, हे कसलं भारी आहे!" ते म्हणाले, "भारीच होतं. दुपारपर्यंत."

अपडेटनी बॅटरी खाल्ली होती, म्हणून फोन चार्जिंगला लावून दहा मिनिटं थांबावं लागलं. तेवढ्यात त्यांनी मला त्यांच्या कानाने वेब ऐकवलं. आवाजाचा वेग आधी मूळ जागी नेला. मी म्हटलं, या किर्रर्रमधून तुम्हाला कळतं तरी कसं? म्हणाले, "तुम्ही पेपर वाचताना एकेक अक्षर बघता काय? मग." माझ्यासाठी वेग थोडा कमी करून त्यांनी बातम्यांची एक नावाजलेली साईट लावली. दिसायला देखणी, मी कित्येकांना सुचवलेली. तिच्यात पहिल्या बातमीचं पहिलं वाक्य यायच्या आधी साठ वेळा बोट फिरवावं लागलं. लिंक. लिंक. चित्र. जाहिरात. बंद करा. चित्र. लिंक. बंद करा म्हणजे काय बंद करा, ते काही सांगत नव्हतं. मग त्यांनी एक जुनाट साईट लावली. पांढरं पान, निळी अक्षरं, एकाखाली एक यादी. मी त्या साईटची ओपीडीत टिंगल केलेली होती. ती मात्र सरळ बोलली: शीर्षक, यादी, बारा गोष्टी, पहिली गोष्ट. "ही एकदम मक्खन," दादा म्हणाले. "बनवणारा आळशी असणार. त्याने काय पण नटवलं नाही." यंत्रमानव नसल्याच्या परीक्षेत त्यांना चित्रांऐवजी आवाज ऐकवतात, तोही त्यांनी लावून दाखवला. खरखर, त्यात कोणीतरी अमेरिकन माणूस तोंडात घास घेऊन आकडे बोलतोय. मी एका मिनिटात दोनदा यंत्रमानव ठरले. पोट धरून हसलो आम्ही दोघं. आणि माझी मतं एकेक करून पडत होती, तरी मला वाईट वाटत नव्हतं. इतकी वर्षं ज्या गावात राहते त्याची अर्धी आळी मी पाहिलीच नव्हती, आणि कोणीतरी हाताला धरून आत्ता दाखवत होतं.

साडेचारला आम्ही त्या बिननावाच्या बटनांकडे वळलो. मी म्हटलं, कंपनीला तक्रार लिहू या, मेल करू या. दादा म्हणाले, "लिहा ना, सोमवारी. आत्ता आपणच नावं ठेवू." मला कळेना. त्यांनी बटनावर बोट ठेवलं, स्क्रीन रीडरचा स्वतःचा मेनू उघडला आणि म्हणाले, "हे कशाचं चित्र आहे? तेवढं फक्त डोळ्याने सांगा." मी म्हटलं, माईक. ते फोनला म्हणाले, "माईक." पुन्हा बोट ठेवलं आणि फोन म्हणाला: माईक, बटन!

मी खुर्चीतून उठून उभी राहिले. दुसऱ्याने बनवलेलं सॉफ्टवेअर, परक्या मुलखात बसून, आपला विचारही न करता. आणि त्याच्या बटनावर आपल्या आवाजाने आपण नाव घालायचं, आणि ते टिकतं! मी जगातली सगळी सेटिंग उघडून बघितलीत असा माझा समज होता. हे मला माहीतसुद्धा नव्हतं. "आणखी करा, आणखी करा," मी म्हणत राहिले. कॅमेरा. स्पीकर. हात वर. कॉल बंद करणाऱ्या लाल बटनाला दादांनी नाव दिलं: 'हात लावू नको'. फोन ते इतक्या गंभीरपणे म्हणाला की आम्ही पुन्हा हसलो.

मग सराव. मी माझ्या फोनवरून कॉल लावायचा, त्यांनी घ्यायचा, माईक चालू, बंद, कॅमेरा चालू, बंद. पहिल्या वेळी कॉल तुटला. दुसऱ्या वेळी माईक बंद ठेवून दादा दोन मिनिटं स्वतःची ओळख करून देत राहिले. मला ते बघवेना. सारखे माझे हात पुढे जायचे आणि तोंडातून यायचं, डावीकडे, डावीकडे. शेवटी दादा वैतागले. "ताई, तुम्हाला दिसतं हाच प्रॉब्लेम आहे. ओढणी बांधा डोळ्याला."

बांधली. त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि कॉल घ्यायला लावला. मी तीनदा 'हात लावू नको'ला हात लावला. चौथ्यांदा मात्र माईक सापडला, ऐकून, बोटाने, काळोखात. मी ज्या उत्साहाने ओरडले तो ऐकून वरच्या मजल्यावरून कोणीतरी विचारलं, काय झालं? पुन्हा त्यांच्या हातात फोन गेला. एकदा, दोनदा, सहादा, दहादा. मी नुसती ऐकत होते आणि हळूहळू त्यांचं बोट कुठे आहे ते मला ऐकू यायला लागलं. आता ते अडखळत नव्हते.

सहा वाजून वीस मिनिटं झाल्याचं फोननेच सांगितलं. मी ओढणी सोडायला गेले तर दादा म्हणाले, "राहू द्या. तुम्ही बघितलंत की तुमचे हात शिवशिवणार. कोपऱ्यात बसा आणि काय पण झालं तरी गप. अट आहे." त्यांचं बरोबर होतं. मी कोपऱ्यातल्या पलंगावर डोळे बांधूनच बसले आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले.

साडेसहा. लिंक. सामील व्हा, बटन. माईक, बटन, चालू. कॅमेरा, बटन, चालू. पहिल्या फटक्यात! मी मनातल्या मनात नाचले. पलीकडून एका बाईंचा आवाज आला, छान मोकळी मराठी. "नमस्कार. आवाज येतोय. पण तुम्ही दिसत नाही आहात. कॅमेरा सुरू करता का?"

"सुरू आहे मॅडम," दादा म्हणाले.

"इकडे नुसतं काळं दिसतंय."

दादांनी कॅमेरा बंद करून परत चालू केला. फोन म्हणाला, चालू. बाई म्हणाल्या, अजूनही काळंच. मागे एक पुरुष इंग्रजीत म्हणाला की आज खूप जण रांगेत आहेत, यांना जमत नसेल तर पुढचा उमेदवार घेऊ. यांना जमत नसेल तर! माझ्या डोक्यात एकदम सगळं पेटलं. कॅमेऱ्याची परवानगी अपडेटने काढून घेतली असणार. नाहीतर नव्या व्हर्जनला जुना कॅमेरा चालत नसणार. नाहीतर मागचा कॅमेरा लागला आणि फोन टेबलावर टेकलाय. नाहीतर नेट. सेटिंग, ॲप, परवानग्या, कॅमेरा, फक्त वापरताना. मला रस्ता पाठ होता, दहा सेकंदांचं काम होतं. मी मांडीखालचे हात चिमटे काढून तिथेच ठेवले. मी त्यांच्या फोनला हात लावला म्हणूनच हे होतंय, आणि आता हात लावला तरीही त्यांची नोकरी जाणार. डोळ्यांवरची ओढणी ओली झाली.

मग दादांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ते उठले, चार पावलं चालले, आणि भिंतीवर खट्टकन बटन वाजलं. ट्यूबलाईटची घरघर माझ्या कानाला ऐकू आली. परत चार पावलं, खुर्ची, आणि दादांचा टेलिफोन ऑपरेटरचा तो शांत, गोड आवाज.

"माफ करा मॅडम. डिसेंबरचे दिवस, काळोख पडला असणार. तुम्हाला अंधारात दिसत नाही, हे माझ्या लक्षातच आलं नाही."

पलीकडे त्या बाई हसल्या, चांगल्या खळखळून, आणि त्यांच्या मागे तो इंग्रजी बोलणारा माणूसही. त्याच क्षणी दादांना नोकरी लागली असं माझं ठाम मत आहे. कंपनीचा तसा मेल यायला पुढे आठ दिवस लागले.